सुई टोचायच्या आधीच आईला उलटी होते. हे ‘मनाचं’ म्हणायचं का?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो. डॉक्टरांसमोर पाच मिनिटांत हे सगळं नीट सांगणं जमत नाही.

आईचं वय ४७. स्तनाचा कर्करोग. ऑपरेशन झालं, आता दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे. आधी त्या लाल औषधाचे चार डोस आणि मग दुसऱ्या औषधाचे, असं ठरलंय. लाल औषधाचे तीन झाले. पहिल्या वेळी घरी आल्यावर रात्रभर उलट्या. दुसऱ्या वेळीही पाण्याचा घोट पोटात ठरत नव्हता. याची कल्पना आम्हाला सगळ्यांनी दिली होती, त्यामुळे मनाची तयारी होती.

तिसऱ्या वेळी मात्र वेगळंच झालं. आम्ही तासगावहून पहाटे निघतो. गाडी शहरात शिरून दवाखान्याच्या रस्त्याला वळली तशी आई बोलायची थांबली. वर गेलो. केमोच्या वॉर्डचा काचेचा दरवाजा ढकलला, आतला स्पिरिट-फिनेलचा वास आला आणि आईला दारातच उमासे यायला लागले. सिस्टरनी हाताला पट्टासुद्धा बांधला नव्हता. सकाळचा चहा सगळा बाहेर. आई भिंतीला धरून उभी, आणि रांगेतल्या बाकीच्या बायका तिच्याकडे बघतायत.

आणखी दोन गोष्टी. बाबा दर डोसच्या आधी खालच्या गाड्यावरून मोसंबीचा रस आणून तिला पाजायचे, अंगात ताकद राहावी म्हणून. आईला मोसंबी अतिशय आवडायची. आता बाजारात रसाच्या गाड्याजवळून गेलं तरी ती पदर नाकाला लावते. आणि परवा बहिणीने बिटाची कोशिंबीर केली होती. ताट पुढ्यात आलं, आईने बघितलं आणि उठून आत गेली. नंतर म्हणाली, “रंग तोच आहे गं.”

घरात यावर दोन पक्ष पडलेत. आत्या म्हणते मन घट्ट केलं पाहिजे, औषध अंगात जायच्या आधी उलटी होतेच कशी. आईलाही तेच वाटायला लागलंय. “इतक्या बायका घेतात, मलाच कसं सोसत नाही,” असं रात्री बाबांना म्हणत होती. काल तर म्हणाली, चौथा डोस नकोच. हे ऐकल्यापासून माझी झोप उडाली आहे.

चौथा डोस पुढच्या बुधवारी आहे. हे नक्की काय आहे, आणि बुधवारपर्यंत आम्हाला काही करता येईल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

पारिजात

दादा, मला हुबेहूब हेच व्हायचं, म्हणून लिहिते. माझं औषध संपून बरीच वर्षं झाली, मी ठणठणीत आहे. आईंना हे आधी सांगा.

माझं सलाईनवरून सुरू व्हायचं. औषधाच्या आधी शीर मोकळी आहे का बघायला सिस्टर सिरिंजने थोडं सलाईन सोडतात ना, त्याची चव मला तोंडात यायची. धातूसारखी, खारट. हाताच्या शिरेतून दिलेल्या गोष्टीची चव जिभेवर यावी हे घरात कुणाला पटेना, पण येते, कितीतरी पेशंटना येते. ती चव आली की पोट ढवळलंच म्हणून समजा. पुढे पुढे सिस्टरच्या हातात सिरिंजचं पाकीट फाडल्याचा आवाज आला तरी पुरायचं.

मला वाटायचं माझं डोकं फिरलंय. नवऱ्यालाही सांगितलं नाही. आईंनी निदान सांगितलं, रडल्या, बोलल्या, हे फार चांगलं केलं. डोस मात्र सोडू देऊ नका.

जतचे अण्णा

माझ्या धाकट्या भावाला हाच आजार होता. आम्ही त्याच्यासमोर आजाराचं नावच काढायचो नाही. गाडीत भजनं लावायचो. मनाची ताकद मोठी असते. आईला म्हणावं, हे औषध नव्हे, अमृत आहे असं समजून घ्या. विचार बदलला की शरीर आपोआप बदलतं. माझ्या शुभेच्छा आहेत.

डे-केअरची सिस्टर

येरळाकाठ दादा, मी परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं केमोच्या डे-केअर वॉर्डात गेली, आता निवृत्त आहे. उशिरा का होईना हा धागा दिसला, बरं झालं.

सगळ्यात आधी आईंना आजच्या आज एक गोष्ट सांगा. हे त्यांच्या मनाच्या दुबळेपणामुळे होत नाही. त्या काही करत नाहीयेत. त्यांचं शरीर एक गोष्ट शिकलंय आणि ती न विचारता म्हणून दाखवतंय. याला वैद्यकात नाव आहे, यावर उपचार आहेत, आणि हे होणाऱ्या त्या एकट्या नाहीत. जिथे केमो देतात तिथल्या कुठल्याही जुन्या सिस्टरला विचारा, ती असे चेहरे डोळ्यांपुढे आणून सांगेल.

अण्णा, तुमची माया कळते. भजनांनी खरंच फायदा होतो, का ते पुढे सांगते. पण “मन खंबीर ठेवा” हे वाक्य मी माझ्या वॉर्डात नातेवाइकांना पेशंटसमोर बोलू द्यायची नाही. कारण उलटी थांबत नाही ती नाहीच, वर पेशंटला अपराधी वाटायला लागतं. आमच्याकडे पोलीस खात्यातल्या एक बाई यायच्या. दंगलीत रस्त्यावर उभ्या राहिलेल्या. त्यांना आमच्या वॉर्डाचा निळा पडदा बघवायचा नाही. खुर्चीत बसल्या की डोळे मिटून घ्यायच्या आणि तरी उमासे यायचे. त्यांना कुणी दुबळं म्हणावं?

आता होतं काय ते सांगते. औषध रक्तात जातं, आतड्यातल्या पेशींमधून सिरोटोनिन नावाचं द्रव्य सुटतं, तो निरोप मेंदूच्या खालच्या भागात पोचतो आणि उलटी होते. हे जन्मजात आहे, कुणी शिकवावं लागत नाही. पण त्याच वेळी आजूबाजूला बऱ्याच गोष्टी असतात: स्पिरिटचा वास, एसीचा गारठा, लाल रंग, आधी प्यायलेला रस, सिस्टरचा चेहरा. एकदा, दोनदा, तीनदा या गोष्टी आधी आणि उलटी नंतर असा क्रम लागला, की मेंदू दोघांची गाठ मारतो. मग नुसता वास आला की उलटीचा हुकूम सुटतो. औषध असो नसो. यात विचाराला जागाच नसते, म्हणून विचार बदलून ते थांबतही नाही.

तुमच्याकडे लहानपणी एस.टी.त गाडी लागणारं कुणी होतं का? घाटात उलटी व्हायची ते ठीक. पण काहींना स्टँडवर उभ्या एस.टी.चा डिझेलचा वास आला तरी मळमळायचं, गाडी सुरू व्हायच्या आधीच. तेच हे. आईंना पूर्वी गाडी लागायची का, हे विचारून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. ज्यांना गाडी लागते, ज्या पन्नाशीच्या आतल्या आहेत, आणि ज्यांना पहिल्या डोसांनंतर खूप उलट्या झाल्या, त्यांना हा त्रास जास्त होतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. आईंच्या बाबतीत वय आणि आधीच्या उलट्या या दोन गोष्टी तर तुम्हीच लिहिल्यात.

एक प्रसंग सांगते, आत्यांनाही वाचून दाखवा. उपचार संपून बरेच महिने झालेल्या एक पेशंट मला मंडईत भेटल्या. मी साध्या साडीत, पिशवीत कांदे-बटाटे. त्या मेथीची जुडी निवडत होत्या. मान वर केली, मला ओळखलं, हसल्या, आणि हसता हसता त्यांचा हात तोंडावर गेला. जुडी खाली पडली. पलीकडच्या गटाराशी जाऊन उमासे काढून आल्या आणि माझे हात धरून माफी मागायला लागल्या, “सिस्टर, तुम्ही माझ्यासाठी देवासारख्या, आणि तुम्हाला बघून हे असं…” मी म्हटलं, बाई, यात माफी कसली. तुमच्या पोटाला मी कोण ते माहीत नाही, त्याला फक्त माझा चेहरा माहीत आहे. त्या माझ्यावर जीव टाकायच्या, तरी हे झालं. प्रेम असून होतं, धीर असून होतं.

आता बुधवारचं.

पहिली गोष्ट, बुधवारची वाट बघू नका. उद्याच डॉक्टरांना फोन करा किंवा भेटा, आणि वाक्य अगदी असंच सांगा: “औषध देण्याच्या आधी, वॉर्डात शिरताच उलटी झाली.” नुसतं “उलट्या होतात” म्हटलं तर नेहमीची गोळी वाढवून मिळेल. ती गोळी म्हणजे बहुधा ऑन्डान्सेट्रॉन. चांगलं औषध आहे, पण ते आतड्याकडून येणाऱ्या निरोपाची वाट अडवतं. आईंना दारात जी उलटी झाली तिचा निरोप आतड्याकडून आलेलाच नव्हता, तो वरून, मेंदूतूनच निघाला. म्हणून तिथे ती गोळी तोकडी पडते. अशा वेळी आदल्या रात्री आणि सकाळी लोराझेपामसारखी गोळी देतात. तिने धास्ती कमी होते आणि झोप लागते. आणि डोसनंतरच्या उलट्यांसाठी अ‍ॅप्रेपिटंट, ओलान्झापिन, डेक्सामेथासोन अशी औषधं एकत्र देण्याची पद्धत आहे. आईंना आत्ता यातलं काय चालू आहे ते विचारा आणि आणखी काही वाढवता येईल का तेही विचारा. हे महत्त्वाचं, कारण डोसनंतरची प्रत्येक उलटी ती गाठ आणखी आवळते. ठरवणार डॉक्टर. मेडिकलमधून आपल्या मनाने काही आणू नका. गोळीने गुंगी येते, तेव्हा हाताला धरून न्या.

दुसरी गोष्ट, ठिकाणाच्या खुणा बदला. वेगळी खुर्ची मागा, शक्यतो खिडकीजवळची. सिस्टरना सांगितलं तर बहुतेक जणी आनंदाने देतात. ताटकळत बसायचं असेल तर वॉर्डात न बसता खाली मोकळ्यावर बसा, नंबर आला की फोन करा म्हणावं. घरून धुतलेली, घराचा वास असलेली चादर किंवा उशीचा अभ्रा न्या. आणि अण्णांची भजनं इथे कामाला येतात. कानात आवडीचं काही चालू असलं की वॉर्डातले आवाज आणि त्यांची धास्ती मागे पडते. पण ते गाणं अगदी जिव्हाळ्याचं नको. त्याचीही गाठ बसू शकते.

ते लाल औषध सिस्टर शेजारी बसून सिरिंजने सावकाश देतात. आईंना मान दुसरीकडे वळवून बसू द्या, तुम्ही त्या बाजूला बसून गप्पा मारा. मात्र हात हलवायचा नाही, आणि सुईच्या जागी जळजळ किंवा आग वाटली तर त्याच क्षणी सांगायचं, संकोच करायचा नाही. ते औषध शिरेच्या बाहेर गेलं तर आतून जखम करतं.

तिसरी गोष्ट खाण्याची. डोसच्या आदल्या रात्री आणि त्या दिवशी आवडीचं काहीही देऊ नका. आपली माया नेमकी उलटी वागते: “आज केमो आहे, तिच्या आवडीचं करू या.” मग ते आवडीचंच सुटतं. गूळ-तूप-पोळी आवडत असेल तर तिला त्या दिवसापासून लांब ठेवा. साधं, फिकं, थंड झालेलं, थोडंसं द्या. गरम फोडणीचा वास टाळा.

आणि शेवटचं, दर दहा मिनिटांनी “मळमळतंय का?” असं विचारू नका. विचारलं की लक्ष तिथेच जातं. आईंना त्रास झाला तर त्या सांगतीलच.

फळा-खडू

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. सिस्टरनी जे लिहिलंय त्याला माझ्याकडून काही दुरुस्ती नाही. फक्त आत्यांसाठी आणि आईंसाठी थोडी भर घालतो. ही गोष्ट शंभर वर्षांहून जुन्या संशोधनाची आहे आणि त्यात कुठेही ‘दुबळं मन’ येत नाही.

सेंट पीटर्सबर्गमध्ये इव्हान पावलोव्ह कुत्र्यांच्या पचनावर काम करत होते. १९०४ चं नोबेल त्यांना पचनाच्या कामासाठीच मिळालं. लाळ मोजताना त्यांच्या लक्षात आलं की कुत्र्यांना अन्न तोंडात पडायच्या आधीच लाळ सुटते. खाणं देणाऱ्या माणसाची चाहूल लागली तरी पुरतं. मग त्यांनी मुद्दाम मेट्रोनोमची, म्हणजे ताल मोजायच्या यंत्राची, टिकटिक आणि पाठोपाठ अन्न असा क्रम लावला. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीला लाळ यायला लागली. कुत्र्याने लाळ गाळायचं ‘ठरवलेलं’ नव्हतं. आईंनीही उलटी ठरवलेली नाही.

मोसंबीचा भाग मला विशेष बोलायचा आहे. पावलोव्हनंतर बराच काळ अशी समजूत होती की कुठल्याही खुणेची कुठल्याही परिणामाशी गाठ बसते, फक्त दोन्ही अगदी लागोपाठ यायला हवीत. जॉन गार्सिया यांनी ती मोडली. १९६६ मध्ये त्यांनी आणि कोलिंग यांनी उंदरांना गोड पाणी दिलं, आणि उंदीर ते चाटताना दिवा लागायचा, आवाज व्हायचा. पुढे काहींना विजेचा झटका दिला, काहींना आजारी पाडलं. झटका बसलेले उंदीर दिवा आणि आवाज असलं की पाणी टाळायला लागले, गोड चवीचं त्यांना काही वाटलं नाही. आजारी पडलेले मात्र चवीला टाळायला लागले, दिव्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. म्हणजे पोट बिघडलं की जीव आधी खाल्लेल्या चवीवर संशय घेतो. आणि मध्ये काही तास गेले तरी ही गाठ बसते, कधीकधी एकाच खेपेत. विषारी फळ एकदा खाऊन वाचलेल्या प्राण्याने ते पुन्हा खाऊ नये, यासाठी ही सोय आहे. आईंना पक्कं माहीत आहे की दोष औषधाचा आहे, मोसंबीचा नाही. पण ही यंत्रणा माहितीला विचारत नाही.

हे माणसांत तपासलं ते आयलीन बर्नस्टीन यांनी, सिअ‍ॅटलमध्ये, १९७८ साली. केमो घेणाऱ्या मुलांना औषधाच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. पुढे त्या मुलांनी ते आइस्क्रीम नाकारण्याचं प्रमाण बाकीच्यांहून जास्त निघालं. मग १९८७ मध्ये ब्रोबर्ग आणि बर्नस्टीन यांनी याचाच उपयोग करून घेतला. मुलांना जेवण आणि केमो यांच्या मध्ये एक तीव्र, अनोळखी चवीची गोळी चघळायला दिली. सगळा संशय त्या गोळीवर गेला आणि जेवणातले पदार्थ बऱ्याच अंशी वाचले. ओळखीच्या चवीपेक्षा अनोळखी चवीशी गाठ पटकन बसते, हे त्यामागचं कारण. बुधवारी हे तुम्ही करून बघू शकता.

आणखी एक. १९८२ मध्ये मॉरो आणि मॉरेल यांनी औषधाआधीच मळमळणाऱ्या ६० पेशंटवर एक प्रयोग केला. काहींना स्नायू सैल सोडायला शिकवलं, आणि त्या सैल अवस्थेत दवाखान्याची एकेक पायरी डोळ्यांपुढे आणायला सांगितली: घरातून निघालो, गाडी वळली, दरवाजा उघडला. जिथे पोट ढवळेल तिथे थांबायचं, पुन्हा सैल व्हायचं, मग पुढे. नुसतं समुपदेशन मिळालेल्यांपेक्षा आणि काहीच न मिळालेल्यांपेक्षा यांची मळमळ जास्त कमी झाली. तज्ज्ञ मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तरी निदान श्वास आणि स्नायू सैल सोडण्याचा सराव घरी आजपासून सुरू करता येईल: मुठी आवळायच्या, सोडायच्या, खांदे वर, सोडायचे, बाहेर टाकायचा श्वास लांबवायचा. रोज, शांत वेळी. थेट वॉर्डात जाऊन पहिल्यांदा केलं तर त्याचा उपयोग होत नाही.

येरळाकाठ

काय लिहू. संध्याकाळी आईला आणि बाबांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. मंडईतल्या बाईंचा भाग आला तेव्हा आईने तो परत वाचायला लावला. मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, “म्हणजे बाकीच्यांनाही होतं.”

लहानपणी तिला गाडी लागायची. आजी तिला खिशात लिंबू देऊनच एस.टी.त बसवायची, हे आज पहिल्यांदा कळलं.

बाबा मात्र गप्प झालेत. त्यांना वाटतंय, आपण मोसंबीचा रस पाजला म्हणून तिची मोसंबी सुटली. त्यांना काय सांगू? आणि सिस्टर, ती अनोळखी चवीची गोळी म्हणजे नक्की काय द्यायचं? पुढच्या औषधालाही हे असंच चालू राहणार का, हेही आईला विचारायचं आहे.

डे-केअरची सिस्टर

बाबांना सांगा, त्यांनी तेव्हा रस दिला म्हणून आईंच्या पोटात काहीतरी गेलं, पाणी टिकलं. त्या वेळेला ते बरोबरच होतं. त्या दिवशी तिथे जे काही दिलं असतं ते सुटलं असतं. डाळिंब दिलं असतं तर डाळिंब सुटलं असतं. आता गोळीची जबाबदारी बाबांवरच सोपवा.

गोळी अशी निवडायची की तिची चव आपल्या स्वयंपाकात कुठेच येत नाही आणि पुढे सुटली तरी कुणाला हळहळ वाटणार नाही. पुदिना नको, तो चटणीत लागतो. आलं नको, चहात लागतं. लिंबू तर मुळीच नको, ते आजीच्या वेळेपासून आईंच्या भल्याच्या बाजूला आहे, ते तसंच राहू द्या. रुमालात गुंडाळून वास घ्यायला जवळ ठेवा. मी ब्लूबेरीच्या चवीची चघळायची गोळी सुचवेन, चांगली उग्र वासाची. जेवण झाल्यावर आणि औषध सुरू व्हायच्या आधी, एक-दोन, सावकाश चघळून. शुगर असेल किंवा तोंड आलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळी घरात आणून ठेवू नका, आधी चाखू देऊ नका. अनोळखी राहिली तरच उपयोग.

पुढचं औषध कोणतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. लाल औषधानंतर सहसा पॅक्लिटॅक्सेलच्या गटातलं देतात, आणि त्याने उलट्या बऱ्याच कमी होतात. तसं असेल तर आईंना हेही आधीच सांगून ठेवा: पहिल्या वेळी दारात पाऊल ठेवताच पूर्वीसारखेच उमासे येतील, कदाचित. त्याला घाबरायचं नाही. पोटाला औषध बदलल्याचं अजून कळलेलं नसतं. तोच वास, तीच खुर्ची, आणि नंतर उलटी नाही, असं काही वेळा झालं की गाठ सैल होत जाते. पूर्ण पुसली जात नाही, मध्येच एखाद्या दिवशी उसळी घेते, पण आधीइतक्या जोराने नाही.

मोसंबीची घाई करू नका. उपचार संपू दे, तोंडाची चव परत येऊ दे. मग एखाद्या दिवशी आई आवडीचं काही खात असतील तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला मोसंबी सोला, नुसती सोला. काही झालं नाही तर पुढे कधीतरी थोडी जवळ. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला याच पद्धतीने बरं केलं होतं. तो खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणायचा. हे मला आमच्या नर्सिंगच्या बाईंनी शिकवलं होतं. फळा-खडू सर, चुकलं असेल तर सांगा.

फळा-खडू

अजिबात चुकलेलं नाही, सिस्टर. फक्त एक जोडतो: जवळ आणायचं अंतर आईंनी ठरवायचं, घरच्यांनी नाही. घाई करून मोसंबी एकदम हातात दिली तर उलट खाण्याशीच मळमळीची गाठ बसेल.

येरळाकाठ

डॉक्टरांना फोन झाला. सिस्टरनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. उद्या अकरा वाजता मला एकट्याला कागद घेऊन बोलावलंय, आईला आणायची गरज नाही म्हणाले. गोळ्यांचं तिथेच ठरेल. पुढचं औषध पॅक्लिटॅक्सेलच आहे, फाइलमध्ये बघितलं.

बाबा ब्लूबेरीच्या गोळ्या शोधायला बाहेर पडलेत. आत्या आईच्या शेजारी बसून मुठी आवळून सोडतेय. आई बुधवारी येणार आहे.